मोटरहोमच्या मागे छोटा पिकअप चारही चाकांवर ओढता येईल का?

नमस्कार. तुमचा प्रश्न लक्षपूर्वक वाचला. तुमच्याकडे फोर्ड ई-४५० चॅसिसवरचे ३१ फुटी क्लास सी मोटरहोम (व्हॅनच्या केबिनमागे बांधलेले चाकांवरचे घर) आहे आणि घरची टोयोटा टॅकोमा आहे, २०२१ची, फोर-बाय-फोर, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची. येत्या उन्हाळ्यात टेक्सासहून सहकुटुंब कोलोरॅडोला जायचे आहे आणि कॅम्पग्राउंडवर मोटरहोम लावल्यावर फिरायला टॅकोमा हाताशी असावी, म्हणून ती चारही चाके जमिनीवर ठेवून मागे ओढत न्यायची आहे. त्यासाठी कोणता टो बार, म्हणजे मोटरहोम आणि मागची गाडी जोडणारा दांडा, घ्यावा, असे तुम्ही विचारले आहे, आणि मोटरहोम विकणाऱ्याने ‘गिअर न्यूट्रलमध्ये टाका आणि निघा’ असे सांगितल्याचेही लिहिले आहे.

टो बारचा विषय मी मुद्दाम नंतर घेणार आहे, कारण त्याच्याआधी सोडवायचा प्रश्न वेगळा आहे: इंजिन बंद असताना शेकडो मैल चाके फिरत राहिली, तर त्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये काय होते? मोटरहोमना टो बार, ब्रेक आणि वायरिंग बसवण्याचे काम मी अमेरिकेत बरीच वर्षे करत आलो आहे, आणि माझ्या अनुभवात माणसे हा प्रश्न सर्वांत शेवटी, पुष्कळदा सामान विकत घेतल्यानंतर विचारतात. तुमच्या टॅकोमापुरते उत्तर आधीच सांगून टाकतो: आहे त्या स्थितीत ती अशी ओढू नका. कारण समजले तर पुढची गाडी निवडतानाही ते उपयोगी पडेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेलाचा पंप असतो आणि तो इंजिनच्या जोरावर, टॉर्क कन्व्हर्टरच्या मार्गाने फिरतो. इंजिन चालू आहे तोवर हा पंप बेअरिंग, बुश आणि क्लचच्या चकत्या यांच्यापर्यंत दाबाने तेल पोचवत असतो. इंजिन बंद करून गाडी ओढली, की मागची चाके ड्राइव्हशाफ्ट फिरवतात, ड्राइव्हशाफ्ट गिअरबॉक्समधून बाहेर येणारा शाफ्ट फिरवतो, आणि त्याला जोडलेले आतले भाग महामार्गाच्या वेगाने फिरू लागतात. पंप मात्र जागचा हलत नाही. न्यूट्रलमध्ये टाकल्याने इंजिनाकडून चाकांकडे जाणारी शक्ती तुटते, पण चाकांकडून गिअरबॉक्सकडे येणारे फिरणे थांबत नाही. आधीपासून आत माखलेले तेल काही मैल सांभाळून घेते, म्हणून पहिल्या थांब्यावर सारे ठीक वाटते, आणि नेमका त्यामुळेच लोकांचा ‘न्यूट्रल पुरेसे आहे’ असा समज पक्का होतो. पुढे तेल निथळते, धातूवर धातू घासतो, उष्णता वाढते, आणि बिघाड समोर येतो तेव्हा पुष्कळदा अख्खा गिअरबॉक्स बदलण्याची वेळ आलेली असते.

इथे मॅन्युअल, म्हणजे गाडीबरोबर मिळणारी माहितीपुस्तिका, वाचतानाची एक गफलत सांगायला हवी. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ‘बंद पडलेली गाडी ओढणे’ असा एक भाग असतो आणि त्यात कमी वेगाने, थोड्या अंतरापर्यंत न्यूट्रलमध्ये ओढायला परवानगी दिलेली असते. ती परवानगी रस्त्यात अडकलेली गाडी बाजूला घेण्यापुरती असते. मोटरहोममागे ओढण्यासाठीचा भाग वेगळा असतो. त्याचे शीर्षक साधारणपणे ‘रिक्रिएशनल टोइंग’ किंवा ‘डिंगी टोइंग’ असते, आणि आपल्याला प्रमाण मानायचा तो हाच भाग. तिथे चारही चाकांवर ओढू नका असे लिहिले असेल, तर कुणा ओळखीच्याने तशीच गाडी ओढून नेली, हा त्यावरचा प्रतिवाद होऊ शकत नाही.

हाताने गिअर बदलायच्या गाड्यांचे गणित जरा निराळे आहे. त्यांच्या गिअरबॉक्समध्ये बहुधा पंप नसतो. गिअर तेलात बुडून फिरतात आणि तेल उडवून सगळीकडे पोचवतात. त्यामुळे अशा पुष्कळ गाड्या न्यूट्रलमध्ये ओढता येतात. तरीही ते सरसकट खरे नाही, कारण न्यूट्रलमध्ये ज्या शाफ्टच्या फिरण्याने तेल उडते तोच काही रचनांमध्ये थांबतो आणि बाहेरच्या शाफ्टचे बेअरिंग कोरडे पडते. म्हणून इथेही शेवटचा शब्द मॅन्युअलचाच.

आता पिकअपच्या बाबतीत जी गोष्ट निर्णायक ठरते तिच्याकडे येतो. फोर-बाय-फोर पिकअपमध्ये गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते. गिअरबॉक्सकडून आलेली शक्ती ती पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वाटते. या ट्रान्सफर केसला स्वतःची खरी न्यूट्रल अवस्था असेल, तर ओढताना चाकांकडून येणारे फिरणे तिथेच अडते आणि गिअरबॉक्सपर्यंत पोचत नाही. त्यामुळे ज्या मॉडेलची टू-व्हील-ड्राइव्ह आवृत्ती मुळीच ओढता येत नाही, त्याच मॉडेलची फोर-बाय-फोर आवृत्ती निर्धास्त ओढता येते, असा पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटा वाटणारा प्रकार पिकअपमध्ये सर्रास आढळतो. तुमच्या टॅकोमात अडचण नेमकी इथे आहे. तिच्या ट्रान्सफर केसच्या गोल बटणावर टू-हाय (दोन चाकांना शक्ती), फोर-हाय (चारही चाकांना) आणि फोर-लो (चारही चाकांना, कमी वेगासाठी) एवढ्याच अवस्था आहेत. चालकाला निवडता येईल अशी न्यूट्रल नाही. म्हणजे गाडी फोर-बाय-फोर असूनही तिचा हा फायदा तुम्हाला मिळत नाही, आणि टोयोटाही ऑटोमॅटिक टॅकोमा चारही चाकांवर ओढायला परवानगी देत नाही.

ज्यांना अशी न्यूट्रल आहे त्यांची काही उदाहरणे देतो. जीप ग्लॅडिएटर २०२० पासून मिळते. तिच्यात ट्रान्सफर केसचा वेगळा दांडा आहे, तो न्यूट्रलवर घ्यायचा आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पार्कमध्ये ठेवायचा, अशी पद्धत आहे. पार्कमध्ये असलेली गाडी ओढली जाते, हे पाहून नवखे लोक दचकतात, पण गिअरबॉक्स आणि चाके यांचा संबंधच तुटलेला असल्यामुळे त्यात काही वावगे नाही. शेव्हरोले कोलोरॅडो आणि तिचे जुळे भावंड जीएमसी कॅनियन यांच्या २०१५ ते २०२२ या पिढीतल्या फोर-बाय-फोर गाड्यांना न्यूट्रल असलेली दोन वेगांची ट्रान्सफर केस आहे. फोर्ड रेंजरच्या २०१९ पासूनच्या फोर-बाय-फोर गाड्यांमध्ये ओढण्यासाठी खास न्यूट्रल अवस्था चालू करता येते, आणि ती कोणत्या क्रमाने करायची हे मॅन्युअलमध्ये दिलेले आहे. याहून वेगळे उदाहरण फोर्ड मॅव्हरिकचे. तिच्या फ्रंट-व्हील-ड्राइव्ह हायब्रिड आवृत्तीत ट्रान्सफर केस नाही, पण हायब्रिडच्या निराळ्या गिअरबॉक्समुळे ती न्यूट्रलमध्ये ओढता येते. त्याच मॅव्हरिकची साधी टर्बो पेट्रोल आवृत्ती मात्र ओढता येत नाही. नाव तेच, बाहेरून दिसायला गाडी तीच, आणि उत्तर मात्र उलट. म्हणून ‘मॅव्हरिक चालते का?’ अशा प्रश्नाला मी कधीच एका शब्दात उत्तर देत नाही. वर्ष, इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस या चारही गोष्टी जुळवून, त्याच वर्षाच्या मॅन्युअलमध्ये पाहून मगच पुढे जावे. होंडा सीआर-व्ही हे याचे चांगले उदाहरण आहे. २०१४ पर्यंतची सीआर-व्ही मोटरहोमवाल्यांची लाडकी होती. २०१५ मध्ये सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स आला आणि ती परवानगी संपली.

हे सारे वाचून तुम्ही विचाराल की टॅकोमा हातची आहे, तिचे हप्ते फिटले आहेत, मग तिचेच काही करता येणार नाही का? येईल, पण प्रत्येक मार्गाला किंमत आहे. गिअरबॉक्सचे तेल इंजिन बंद असतानाही फिरते ठेवणारा स्वतंत्र विजेचा पंप बसवणे, हा एक जुना उपाय आहे. तो तुमच्या मॉडेलसाठी मिळाला तरी महागड्या गिअरबॉक्सची सगळी भिस्त एका छोट्या मोटरवर आणि तिच्या धोक्याच्या दिव्यावर राहते, आणि कंपनीची वॉरंटी शिल्लक असेल तर तिच्यावरही प्रश्नचिन्ह लागते. मी स्वतः हा उपाय आता सुचवत नाही. दुसरा मार्ग दर वेळी मागचा ड्राइव्हशाफ्ट उतरवण्याचा. तांत्रिकदृष्ट्या तो बरोबर आहे, पण कॅम्पग्राउंडच्या खडीवर पाठ टेकून, तापलेल्या एक्झॉस्टखाली बोल्ट काढत बसणे मुलाबाळांसह निघालेल्या प्रवासात किती दिवस निभेल, याचा विचार तुम्हीच करा. पुढची दोन चाके उचलणारी डॉली तुमच्या कामाची नाही, कारण मागची चाके जमिनीवरच राहतात आणि तोच शाफ्ट तसाच फिरत राहतो. उरला चारही चाके उचलणारा ट्रेलर, आणि तिथे वजनाचा मुद्दा आडवा येतो.

वजनाबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण ‘छोटा पिकअप’ या शब्दांनी भल्याभल्यांची दिशाभूल होते. आजचा चार दारांचा, फोर-बाय-फोर, मधल्या आकाराचा पिकअप रिकामा असताना सुमारे ४,४०० ते ५,००० पौंड भरतो. तुमच्या ई-४५० चॅसिसवर मोटरहोमचे स्वतःचे कमाल वजन १४,५०० पौंड आणि मोटरहोम व ओढलेली गाडी मिळून कमाल वजन २२,००० पौंड ठरवलेले असते. या दोन आकड्यांकडे पाहून ७,५०० पौंड ओढता येतील असे वाटते. पण क्लास सी मोटरहोमच्या मागच्या हिचवर, म्हणजे ओढायची गाडी जिथे जोडतात त्या भागावर, बहुतेक वेळा ५,००० पौंडांची मर्यादा असते, आणि तिथे जो आकडा असेल तोच तुमचा खरा आकडा. मोटरहोम बांधणारी कंपनी चॅसिसची मागची चौकट वाढवते आणि हिच त्या वाढीव भागावर बसवते. म्हणून इंजिनात ताकद असली तरी मागचा सांगाडा तेवढा भार सोसेलच असे नाही. ट्रेलर घ्यायचा तर त्याचे स्वतःचे वजन २,००० पौंडांच्या आसपास जाते, त्यात टॅकोमा घातली की ६,००० पौंड सहज ओलांडले जातात, शिवाय ट्रेलरचा दहा-पंधरा टक्के भार हिचवर उभा दाबला जातो. चारही चाकांवर ओढलेल्या गाडीचा असा उभा भार जवळजवळ नसतो. या पद्धतीचा हा मोठा फायदा आहे. पण एकूण वजनाची मर्यादा तिलाही लागू आहेच.

पिकअपच्या बाबतीत याच ठिकाणी आणखी एक सापळा आहे. कार ओढणारा माणूस तिच्यात फारसे सामान भरत नाही. पिकअपचा हौदा मात्र मोकळा दिसतो आणि हात आपोआप तिकडे वळतात. सायकली, जनरेटर, कयाक, खुर्च्या, लाकडे, पाण्याचे कॅन असे करत तीनचारशे पौंड कधी भरले, ते कळत नाही. पिकअप रिकामा ४,५०० पौंडांचा आणि हिच ५,००० पौंडांची असेल, तर बेसप्लेट (टो बार अडकवण्यासाठी पिकअपच्या पुढे बसवायची चौकट), हौद्यावरचे झाकण, भरलेली टाकी आणि हे सामान मिळून तुमची सगळी सवलत संपते. म्हणून अंदाजावर राहू नका. महामार्गालगतच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचे वजनकाटे असतात. प्रवासाला निघताना असेल तशीच स्थिती ठेवून, म्हणजे टाकी भरलेली, पाणी भरलेले, माणसे बसलेली, मोटरहोम आणि पिकअप दोन्ही तिथे तोलून घ्या. एक गॅलन पाणी ८.३ पौंडांचे असते, त्यामुळे ४० गॅलनची टाकी भरली तर तिथेच ३३० पौंड होतात.

इथवरचा सार असा, की टॅकोमा चारही चाकांवर ओढणे कंपनीला मान्य नाही, ट्रेलरवर न्यायची तर तुमच्या हिचला झेपत नाही, आणि बाकीचे उपाय कुटुंबाच्या प्रवासाला सोयीचे नाहीत. माझा सल्ला विचाराल तर या उन्हाळ्यात टॅकोमा घरीच ठेवा आणि डेन्व्हर किंवा कोलोरॅडो स्प्रिंग्जला पोचल्यावर मुक्कामापुरती गाडी भाड्याने घ्या. त्या प्रवासात तुम्हाला कळेल की मागे स्वतःची गाडी असण्याची गरज खरोखर किती आहे. पिकअप, टो बार, बेसप्लेट, ब्रेक आणि वायरिंग यांतले पिकअप वगळता बाकीचे सगळे मजुरीसह साधारण ३,००० ते ५,००० डॉलरांपर्यंत जाते, आणि वर्षातून एकदाच दहा दिवस बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला तो खर्च परवडत असला तरी पटेलच असे नाही. दर महिन्याला निघणारे किंवा महिनोन् महिने रस्त्यावर राहणारे असाल, तर टॅकोमा विकून वर दिलेल्यांपैकी एखादी गाडी घेणे शहाणपणाचे ठरेल. वजनाचा विचार करता तुमच्या हिचसाठी सुमारे ३,७०० पौंडांची मॅव्हरिक हायब्रिड सर्वांत मोकळी बसते; खडबडीत वाटांवर जायचे असेल तर रेंजर किंवा कोलोरॅडो, पण मग हौद्यातल्या सामानावर कडक नजर ठेवावी लागेल.

आता तुमचा मूळ प्रश्न, टो बारचा. ओढायची गाडी ठरली, की हा प्रश्न सोपा होतो. रोडमास्टर, ब्लू ऑक्स आणि डेमको या तिन्ही कंपन्या या कामात जुन्या आहेत आणि तिघांचे बार चांगले आहेत. तुमच्या पिकअपच्या नेमक्या मॉडेलसाठी कोणाची बेसप्लेट मिळते, यावरून निवड केली तरी चालेल. मोटरहोमच्या हिचवरच कायम राहणारा, दुर्बिणीसारखे आतबाहेर सरकणारे दोन हात असलेला बार घ्या, कारण जोडताना गाडी थोडी तिरकी किंवा पुढेमागे उभी राहिली तरी हात लांबवून जोडता येतात, आणि नंतर मोटरहोम जरा पुढे घेतले की ते आपोआप अडकून ताठ होतात. बारची क्षमता ८,००० किंवा १०,००० पौंड असली म्हणून हिचची ५,००० पौंडांची मर्यादा वाढत नाही. संपूर्ण जोडणीत जो भाग सर्वांत कमी क्षमतेचा, त्याचाच आकडा पाळायचा. हिच लांबवणारा जोडतुकडा वापरला तर ती क्षमता आणखी कमी होते.

बारपेक्षाही जास्त लक्ष त्याच्या उंचीकडे द्या, असे मी पिकअपवाल्यांना आवर्जून सांगतो. जोडल्यावर बार सपाट असावा. हिचची बाजू बेसप्लेटपेक्षा तीन-चार इंचांपर्यंत वर असली तर चालते, खाली मात्र असू नये. फोर-बाय-फोर पिकअप मुळातच उंच असतात, त्यात कुणी सस्पेन्शन उचलून घेतले असेल तर बेसप्लेट हिचच्या वर जाते. मग ब्रेक लावताच मोटरहोम थांबू पाहते, मागून पिकअप ढकलू लागतो, आणि बार पिकअपकडे चढता असल्यामुळे तोच धक्का पिकअपचे नाक वर उचलतो. पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि नेमक्या गरजेच्या वेळी ती रस्ता सोडू पाहतात. हिच वर किंवा खाली घेणारे जोडतुकडे मिळतात. दोन्ही वाहने सपाट जमिनीवर, प्रवासाच्या वजनासह उभी करून मापे घ्या आणि त्याप्रमाणे तुकडा निवडा. बेसप्लेट बसवताना पुढचा बंपर उतरवावा लागतो, आणि नव्या गाड्यांमध्ये तिथेच क्रूझ कंट्रोलचा रडार किंवा हवेच्या झडपा असतात. त्यामुळे हे काम ज्यांनी आधी केले आहे अशांकडूनच करून घ्या. सुरक्षेच्या तारा बारखालून एकमेकींना छेदून दोन्ही बाजूंना अडकवायच्या, वळणावर ताणल्या जाणार नाहीत पण रस्त्यावरही घासणार नाहीत इतक्या सैल ठेवायच्या.

ब्रेकविषयी मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही. ‘मोटरहोमचे ब्रेक मोठे आहेत, ते सांभाळून घेतील’ असे वरचेवर ऐकायला येते. तुमच्या मोटरहोमचे ब्रेक १४,५०० पौंड थांबवण्यासाठी बांधलेले आहेत. मागे ४,५०० पौंडांची ब्रेक नसलेली गाडी लावली की त्यांच्यावर जवळजवळ एक-तृतीयांश जास्तीचे काम पडते. कायदाही तेच सांगतो: किती वजनापुढे ओढलेल्या वाहनाला स्वतःचा ब्रेक हवा, हे प्रत्येक राज्य वेगळे ठरवते, पुष्कळ राज्यांत ही मर्यादा ३,००० पौंड आहे आणि कॅलिफोर्नियात १,५०० पौंड. कोणताही आधुनिक पिकअप या दोन्ही मर्यादांच्या वरच आहे.

तुमच्या ई-४५०ला हायड्रॉलिक ब्रेक आहेत, त्यामुळे मोठ्या डिझेल मोटरहोमच्या हवेच्या ब्रेकवर चालणाऱ्या यंत्रणा तुम्हाला लागू नाहीत. तुमच्यासाठी दोन प्रकार उरतात. एक, चालकाच्या आसनासमोर ठेवायची पेटी, जी वेग कमी होताना पिकअपचे ब्रेक पेडल दाबते. ती एका गाडीतून दुसऱ्या गाडीत नेता येते आणि स्वस्त पडते, पण दर वेळी ठेवावी, जोडावी आणि काढावी लागते. दुसरा, गाडीत कायमची बसवलेली यंत्रणा. ती महाग असते, पण रोजच्या जोडणीत तिला वायर लावण्याखेरीज काही करावे लागत नाही, आणि म्हणूनच कंटाळ्यापोटी ‘आज जवळच जायचे आहे, ब्रेक राहू द्या’ असे होत नाही. वारंवार प्रवास करणाऱ्यांना मी दुसरीच सुचवतो. पेटी घेतलीत तर एक बारकावा लक्षात ठेवा. इंजिन बंद असताना ब्रेक बूस्टरमधला व्हॅक्यूम एकदोनदा दाबल्यावर संपतो आणि पेडल कडक होते. पेटीचा जोर ठरवण्याआधी पेडल चार-पाच वेळा दाबून ते कडक करून घ्या, नाहीतर जोर चुकीचा ठरेल. काही नव्या गाड्यांचा बूस्टर विजेवर चालतो, त्यांच्यासाठी ब्रेक यंत्रणेच्या कंपनीची त्या मॉडेलपुरती सूचना पाहावी लागते. कोणताही प्रकार असो, जोडणी तुटली तर पिकअपचे ब्रेक आपोआप लावणारा ब्रेकअवे स्विच आणि पिकअपचे ब्रेक लागले आहेत हे मोटरहोमच्या डॅशबोर्डवर दाखवणारा दिवा, या दोन गोष्टी हव्यातच. ब्रेक न लागणे जितके वाईट, तितकेच ते चिकटून राहणेही. मैलोन् मैल घासत गेलेले ब्रेक पेट घेऊ शकतात आणि पुढे बसलेल्याला त्याचा पत्ता लागत नाही.

विजेच्या जोडणीत दिवे तर आलेच: पिकअपचे मागचे दिवे, ब्रेक दिवे आणि इंडिकेटर मोटरहोमबरोबर चालले पाहिजेत, आणि मोटरहोमचा प्रवाह पिकअपच्या स्वतःच्या वायरिंगमध्ये उलटा जाऊ नये म्हणून मध्ये डायोड किंवा दिव्यांचा स्वतंत्र संच हवा. लोक विसरतात ती बॅटरी. पुष्कळ गाड्यांत स्टिअरिंग मोकळे राहावे म्हणून किल्ली अ‍ॅक्सेसरीवर ठेवावी लागते, त्यात ब्रेकची पेटीही बॅटरीवरच चालते, आणि संध्याकाळी मुक्कामावर पिकअप सुरूच होत नाही. मोटरहोमकडून पिकअपच्या बॅटरीला फ्यूज लावलेली चार्जिंगची वायर सुरुवातीलाच ओढून घ्या. काही मॅन्युअल बॅटरीची तार सोडायला किंवा ठराविक फ्यूज काढायला सांगतात. तसे असेल तर ब्रेक यंत्रणेला वीज कुठून मिळणार, हे बसवणाऱ्याशी आधीच बोलून घ्या.

जोडण्याचा क्रम दर वेळी एकच ठेवा, आणि शक्यतो तो एकाच माणसाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत करावा, मध्येच कुणी गप्पांत ओढले तर पुन्हा पहिल्यापासून तपासावा. ट्रान्सफर केसची न्यूट्रल ही डोळ्यांनी नव्हे, गाडीच्या हालचालीने तपासायची असते: बार जोडल्यावर इंजिन चालू ठेवून, पाय ब्रेकवर तयार ठेवून गिअर आधी ड्राइव्हमध्ये आणि मग रिव्हर्समध्ये टाकून पाहायचा, दोन्ही वेळा पिकअप जराही पुढेमागे सरकायला नको. त्यानंतर मॅन्युअल सांगेल त्या स्थितीत गिअर ठेवायचा, हँडब्रेक सोडायचा. मग मोटरहोम सावकाश चाळीस-पन्नास फूट पुढे न्यायचे आणि दुसऱ्या माणसाने बाहेर उभे राहून पिकअपची चारही चाके फिरत आहेत, बारचे दोन्ही हात अडकले आहेत आणि दिवे लागत आहेत, हे पाहायचे. एखादे चाक घसरत जात असेल तर ते पार्किंगमध्येच कळलेले बरे.

रस्त्यावर आल्यावर सर्वांत मोठे बंधन म्हणजे मागे घेता येत नाही. बार जोडलेला असताना मोटरहोम रिव्हर्स घेतले, की पिकअपची पुढची चाके भलतीकडे वळतात आणि बार किंवा बेसप्लेट वाकते. दोन-चार फूटसुद्धा नको. म्हणून पेट्रोलसाठी आरपार निघता येईल असे पंप आणि मुक्कामासाठी आरपार जागा निवडा, आणि अडकलातच तर उतरून गाडी सोडवा. सोडवताना दोन्ही वाहने शक्यतो सरळ रेषेत आणि सपाट जागी असावीत, नाहीतर पिना ताणाखाली अडकून बसतात. मोठ्या वाहनात बसलेल्याला मागच्या पिकअपचे टायर फुटल्याचे जाणवत नाही, म्हणून पिकअपच्या चारही टायरांना हवेचा दाब मोटरहोममध्ये दाखवणारे सेन्सर लावा आणि मागचा कॅमेरा चालू ठेवा.

तुमचा मार्ग कोलोरॅडोचा आहे, त्यामुळे उतारांबद्दल दोन शब्द. डेन्व्हरच्या पश्चिमेला आय-७० महामार्ग ११,००० फुटांहून जास्त उंचीवरच्या आयझेनहॉवर बोगद्यातून जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सात टक्क्यांचे लांब उतार आहेत. उतार सुरू होण्यापूर्वीच टो-हॉल मोड (वजन ओढताना वापरायची गिअरबॉक्सची सोय) लावून खालचा गिअर घ्या, वेग इंजिनाने धरून ठेवा, आणि ब्रेक सतत हलका दाबून न ठेवता गरजेपुरता ठाम दाबून सोडा. पाय सतत ब्रेकवर राहिला तर मागच्या पिकअपचे ब्रेकही सतत लागलेले राहतील आणि तापतील. पुढे कधी कॅलिफोर्नियाकडे गेलात तर ओढणाऱ्या वाहनांना तिथे ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे, हेही ध्यानात असू द्या.

गाडी बदलायचे ठरवलेत, तर मला तीन गोष्टी कळवा: मोटरहोमच्या हिचवरच्या स्टिकरचा आकडा, प्रवासाच्या तयारीसह कॅट स्केलवर आलेले मोटरहोमचे वजन, आणि जमिनीपासून हिचच्या तोंडाच्या मध्यापर्यंतची उंची. त्यावरून तुमच्या नव्या पिकअपला कोणती बेसप्लेट, किती उंचीचा जोडतुकडा आणि कोणता ब्रेक बसेल, हे मी नेमके सांगू शकेन.